लिनक्स कर्नलच्या पहिल्या पॅचपासून नोकरीच्या करारापर्यंत

दर नऊ-दहा आठवड्यांनी लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नवी आवृत्ती येते. ती आली की एलडब्ल्यूएन या नियतकालिकात एक तक्ता येतो: कोणत्या कंपनीच्या लोकांनी किती बदल केले, किती ओळी लिहिल्या, इतरांचे किती पॅच (कोडमधले बदल सुचवणारे तुकडे) तपासले. इंटेल, गूगल, रेड हॅट, एएमडी, मेटा, ओरॅकल, सुसे ही नावं त्यात पुन्हा पुन्हा दिसतात. ओपन सोर्समधून नोकरीला लागायचं मनात असेल, तर नोकरीच्या जाहिरातींआधी हा तक्ता वाचा. या कामाला पगार कोण देतं, हे त्यात उघड लिहिलेलं असतं.

फावल्या वेळात हौसेने कर्नल लिहिणाऱ्यांचं चित्र आता जुनं झालं. लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार बिनपगारी लोकांचा वाटा ८.२ टक्के होता, आणि २०१२ मध्ये तो १४.६ टक्के होता. उत्साह आटला म्हणून तो घटला, असं नाही. ज्याचे पॅच सातत्याने स्वीकारले जातात, त्याला बहुधा कुणीतरी नोकरी देतं.

कोड फुकट मिळत असताना पगार कशाचा? प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण घ्या. नवी चिप बाजारात येईल त्या दिवशी तिचा आधार मुख्य कर्नलमध्ये असावा लागतो, नाहीतर वितरणांमध्ये (लोक प्रत्यक्ष वापरतात त्या लिनक्सच्या तयार संचांमध्ये) तो पोचायला आणखी महिने जातात. स्वतःची वेगळी प्रत सांभाळायची, तर प्रत्येक नव्या आवृत्तीशी ती पुन्हा जुळवत बसायचं. मुख्य कर्नलमध्ये काय जाईल ते मेंटेनर, म्हणजे त्या भागाची देखरेख करणारा माणूस, ठरवतो, आणि त्याच्यावर कंपनीचा हुकूम चालत नाही. म्हणून मेंटेनर ज्याचं ऐकतो असा माणूस कंपन्यांना हवा असतो. ही पत माणसाची असते, कंपनीची नसते. माणूस गेला की तीही त्याच्याबरोबर जाते. साम्बा या फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरचे जेरेमी ॲलिसन यांनी २००६ च्या अखेरीस नोव्हेल सोडलं आणि ते गूगलमध्ये गेले, पण साम्बावरचं त्यांचं काम सुरूच राहिलं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गिदो व्हान रॉसम २००५ मध्ये गूगलमध्ये, २०१३ मध्ये ड्रॉपबॉक्समध्ये आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा आवळणाऱ्या लायब्ररीतला छुपा दरवाजा सापडला, तो एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढताना. शोधणारे आंद्रेस फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेस या डेटाबेसचं काम करत होते.

जागा कोणत्या असतात

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण वेळ मूळ प्रकल्पावरच काम. या जागा थोड्या असतात. त्या बहुधा नाव ठरवूनच भरल्या जातात आणि बऱ्याच वेळा जाहिरातही निघत नाही. दुसऱ्या प्रकारात काम कंपनीच्या उत्पादनाचं असतं आणि त्यातला काही भाग मूळ प्रकल्पात पाठवायचा असतो. बहुतेक नवे लोक इथून शिरतात. तिसरा प्रकार कंत्राटी काम घेणाऱ्या संस्थांचा: इगालिया, कोलाबोरा, बूटलिन. चिप आणि उपकरणं बनवणाऱ्यांसाठी त्या कर्नल, ब्राउझर किंवा ग्राफिक्सचं काम करतात. नाव छोटं वाटलं तरी तिथलं जवळजवळ सगळं काम उघड्यावर होतं, त्यामुळे पुढच्या नोकरीसाठी ते उपयोगी पडतं.

पुणेकरांना हे फार लांबचं नाही. रेड हॅटचं मोठं कार्यालय मगरपट्टा सिटीत आहे, आणि पोस्टग्रेसवर उभी असलेली एंटरप्राइजडीबी पुण्यातून काम करते.

प्रकल्प निवडताना

आवड हवीच, पण फक्त आवडीवर निवडू नका. त्या कामाला पगार मिळतो का, हे तासाभरात तपासता येतं. प्रकल्पाची प्रत उतरवून घ्या आणि गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या शॉर्टलॉग आज्ञेने गेल्या वर्षभरातल्या लेखकांची यादी ईमेल पत्त्यांसह, कमिटच्या (नोंदलेल्या बदलांच्या) संख्येनुसार लावून काढा. पत्त्यातल्या ॲट चिन्हापुढचा भाग पाहा. पहिल्या वीस जणांत तीन-चार वेगवेगळ्या कंपन्या दिसल्या तर प्रकल्प चांगला. सगळे एकाच कंपनीचे असतील, तर दार एकच, आणि तेही तिच्या मर्जीने उघडणार. सगळे खासगी पत्ते असतील, तर कदाचित पगार कुणालाच नाही. कदाचितच, कारण पुष्कळ पगारदार लोक खासगी पत्ता वापरतात.

कर्नलमध्ये याहून सोपी खूण आहे. मुळाशी मेंटेनर्स नावाची फाइल असते, आणि तिच्यात प्रत्येक भागापुढे एस या अक्षराने स्थिती लिहिलेली असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे तो भाग सांभाळायला कुणालातरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी सांभाळतं. ‘ऑर्फन’ म्हणजे वाली नाही. नवख्याने ‘सपोर्टेड’ भाग धरावा. वाली नसलेल्या भागात मान लवकर मिळेल असं वाटतं, पण पाठवलेला पॅच तपासायला तिथे माणूसच नसतो.

परवानाही बघा. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपला खुला परवाना काढून निर्बंध असलेला आणला. बाहेरून काम देणाऱ्यांना विचारलं गेलं नाही. सगळं नियंत्रण एका कंपनीकडे आहे आणि योगदानाआधी ती व्यापक हक्क लिहून घेते, अशा ठिकाणी हे केव्हाही होऊ शकतं. कर्नलमध्ये हक्क कुणाला लिहून द्यावे लागत नाहीत. ‘हा कोड देण्याचा अधिकार मला आहे’ असं सांगणारी साइन्ड-ऑफ-बाय ही एक ओळ पुरते.

पहिला पॅच

मशीनला ८ जीबी रॅम कशीबशी पुरते, १६ असेल तर बरं. डिस्कवर ५० जीबी मोकळी ठेवा. सगळी मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग) निवडून कर्नल बांधायला, म्हणजे कोडमधून तयार करायला, घेतलंत तर साधा लॅपटॉप तासन्‌तास घुमत बसेल. त्याऐवजी लोकलमॉडकॉन्फिग वापरा, म्हणजे तुमच्या मशीनवर चालू असलेली मॉड्यूलच निवडली जातात. चाचणीसाठी रोजचं मशीन पुन्हा पुन्हा सुरू करायचीही गरज नाही. क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बेतलेल्या व्हर्टमी-एनजी या साधनाने बांधलेला कर्नल थेट आभासी यंत्रात उघडता येतो.

सुरुवातीला ड्रायव्हर्समधला स्टेजिंग हा विभाग घ्या. अजून नीट न झालेले ड्रायव्हर तिथे ठेवतात, आणि काय राहिलंय ते सांगणारी टूडू फाइल बहुतेक ड्रायव्हरसोबत असते. स्टेजिंगची स्वतंत्र गिट शाखा आहे. पॅच तिच्यावरच बेतलेला हवा, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेवरचा पॅच तिथे बसेलच असं नाही.

एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा. रिकाम्या जागा नीट करता करता एका चलाचं नाव बदललंत, तर ते दोन पॅच झाले. विषयाच्या ओळीत आधी स्टेजिंग, मग ड्रायव्हरचं नाव, मग बदल. सगळं मिळून ७० ते ७५ अक्षरांत. खालच्या मजकुराची ओळ ७५ अक्षरांपुढे जाऊ देऊ नका. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, म्हणून इथे का बदललं ते लिहा. नवख्यांचे पुष्कळ पॅच याच परिच्छेदावर परत येतात. जुना दोष दुरुस्त करत असाल तर फिक्सेस ही ओळ घाला. तिच्यात दोष आणणाऱ्या कमिटच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक येतं.

पाठवण्याआधी चेकपॅच ही स्क्रिप्ट ‘स्ट्रिक्ट’ पर्यायासह चालवा. मात्र तिचं प्रत्येक बोलणं वेदवाक्य समजू नका. ती सुचवते म्हणून तोडलेली ओळ वाचायला अवघड झाली, तर ती तशीच सोडलेली बरी. गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट पॅच कुणाला पाठवायचा ते सांगते: मेंटेनर ‘टू’मध्ये, याद्या (मेलिंग लिस्ट) ‘सीसी’मध्ये.

खरी अडचण ईमेलची. जीमेलच्या वेबपानातून पॅच पाठवू नका, ते टॅबचे स्पेस करतं आणि ओळी मोडतं. कर्नलमध्ये इंडेंटेशन आठ अक्षरांच्या टॅबचं असल्याने असा पॅच लागूच होत नाही. गिट सेंड-ईमेल वापरा, किंवा बी-फोर हे साधन. जीमेलचंच खातं असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून ॲप पासवर्ड काढा आणि एसएमटीपीला ५८७ हा पोर्ट द्या. आधी पॅच स्वतःला पाठवा, आलेल्या मेलमधून उतरवून लागू करून पाहा, आणि मगच यादीवर टाका.

त्यानंतर थांबायचं. आठवडाभर उत्तर आलं नाही तरच आठवण करा. मर्ज विंडोच्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी बदल स्वीकारण्याच्या, दोन आठवड्यांत मेंटेनर लिनसकडे बदल पाठवण्यात गुंतलेले असतात, त्या काळात उत्तराची अपेक्षा ठेवू नका. नेटवर्किंगच्या विभागात तर नव्या बदलांसाठीची नेट-नेक्स्ट शाखा तेव्हा बंदच असते. सुधारलेला पॅच २४ तासांच्या आत पुन्हा पाठवायचा नाही आणि एका मालिकेत १५ पेक्षा जास्त पॅच नकोत, असेही तिथले लेखी नियम आहेत. सुधारित पॅचच्या विषयात व्ही-टू (दुसरी आवृत्ती) लिहा, आणि आधीच्यापेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली. तिथला मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही. उत्तर देताना ज्या वाक्याला उत्तर देताय ते वर ठेवून त्याच्या खाली लिहा. कार्यालयातल्या सवयीने सगळ्यात वर लिहिलंत, तर कुणीतरी टोकणारच.

सफाईतून बाहेर पडा

स्टेजिंगमधले पाच-दहा पॅच म्हणजे रीत शिकल्याची पावती. नोकरी देणाऱ्यांना त्यांची किंमत बरोबर ठाऊक असते, तेव्हा पन्नास सफाई-पॅच जमवत बसू नका. नेटवर्किंगसारख्या विभागांना तर निव्वळ सफाईचे पॅच नकोच असतात.

दुसऱ्या टप्प्यावर खऱ्या दोषांकडे वळा. सिझबॉट ही गूगलची यंत्रणा कर्नलवर सतत वेडेवाकडे इनपुट टाकते, आणि सापडलेले दोष सार्वजनिक फलकावर लावते. पुष्कळदा दोष पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्रामही सोबत मिळतो. तो चालवा, कर्नल कुठे कोसळतो ते पाहा आणि मूळ कारण शोधा, उदाहरणार्थ वापरात असलेला मेमरीचा तुकडा कुणी आधीच मोकळा केला. इथली नेहमीची चूक म्हणजे जिथे कोसळलं तिथेच ‘नल (रिकामा पॉइंटर) आहे का’ ही तपासणी चिकटवणं. लक्षण जातं, कारण राहतं, आणि मेंटेनर पहिल्या नजरेत ओळखतो. दोष कोणत्या कमिटने आला ते गिट बायसेक्टने शोधून फिक्सेसच्या ओळीत लिहिलंत, तर तुम्ही मुळापर्यंत गेलात हे त्याला न सांगता कळतं.

याच सुमाराला दुसऱ्यांचे पॅच तपासायला लागा. या वाटेवर सगळ्यात जास्त फळ याच कामाला आहे, आणि करणारे सगळ्यात कमी. मेंटेनरांकडे कोडचा तुटवडा नसतो. तुटवडा असतो तो तपासणाऱ्यांचा. पॅच आपल्या हार्डवेअरवर चालवून टेस्टेड-बाय द्या, आणि काय चालवलं, कशावर, ते दोन ओळींत लिहा. रिव्ह्यूड-बाय मात्र पूर्ण समजल्याशिवाय देऊ नका. तुम्ही पास केलेल्या पॅचमध्ये पुढे दोष निघाला, तर तुमचं नाव तिथे कायमचं असतं. वर्षभर एकाच विभागात हे केलंत की तिथले पाच-सहा मेंटेनर तुम्हाला नावाने ओळखतात. त्यांतले बरेच जण कंपन्यांमध्ये जबाबदारीच्या जागांवर असतात. ओळखीने नोकरी म्हणतात ती इथे अशी मिळते, आणि ही ओळख कामाचीच असते.

दुसऱ्या प्रकल्पांत रीत वेगळी. पोस्टग्रेसमध्ये वर्षातून पाच कमिटफेस्ट (पॅच तपासण्याची सत्रं) होतात, आणि पॅच टाकणाऱ्याने तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेच्या प्रकल्पात सभासद, रिव्ह्यूअर, ॲप्रूव्हर अशी शिडी आहे. सभासद व्हायला दोन शिफारसी लागतात, आणि त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या माणसांच्या हव्यात. शिडीवरची पायरी रेझ्युमेत एका शब्दात सांगता येते, ही तिथली सोय.

नवख्यांना मानधन देऊन ओपन सोर्सचं काम शिकवणारे उपक्रमही आहेत. गूगल समर ऑफ कोड २०२२ पासून विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही, अठरा वर्षांवरच्या नवख्या कुणालाही अर्ज करता येतो. आउटरीची ही संस्था वर्षातून दोनदा इंटर्न घेते आणि ७,००० डॉलर देते. लिनक्स फाउंडेशनच्या एलएफएक्स मेंटरशिपमध्ये कर्नलचे दोष दुरुस्त करण्याचा स्वतंत्र उपक्रम आहे. तिन्हींसाठी एकच सांगणं: अर्जाच्या तारखेआधी दोन-तीन महिने प्रकल्पात कामाला लागा.

नाव कशाने खराब होतं

ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या वार्षिक उपक्रमाच्या टी-शर्टसाठी लोकांनी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पाडला, आणि महिना संपायच्या आत आयोजकांना नियम बदलून ‘स्वतः होकार दिलेल्या प्रकल्पांपुरतंच’ करावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस-जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रीडमी फाइलमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या विनंत्यांचा ढीग लागला. कारण होतं एका भारतीय यूट्यूब वाहिनीवरचा धडा. दोन्ही वेळा भारतीय नवख्यांवर जो शिक्का बसला, तो आजही चांगलं काम करणाऱ्याला थोडा भोगावा लागतो. सराव करायचा तर स्वतःच्या प्रतीत करा.

एआयकडून लिहून घेतलेल्या कोडबद्दल प्रत्येक प्रकल्पाचा नियम आधी वाचा. जेंटू या लिनक्स वितरणाने २०२४ मध्ये आणि क्यूईएमयूने २०२५ मध्ये असा कोड नाकारायचं ठरवलं. परवानगी असेल तिथेही, मेंटेनरने ‘हे इथे का’ विचारल्यावर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

सध्या नोकरीत असाल तर

हा भाग लोक वगळतात आणि मग अडकतात. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. त्यावर अनेक आयटी कंपन्यांच्या करारात नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळंच कंपनीचं, असं कलम असतं. कॅलिफोर्नियात स्वतःच्या वेळेत स्वतःच्या साधनांवर केलेल्या कामाला कामगार कायद्याचं कलम २८७० बऱ्याच अंशी संरक्षण देतं. तशी सोय आपल्याकडे नाही. म्हणजे मालकी कंपनीची असताना तुम्ही साइन्ड-ऑफ-बाय लिहिलंत, तर ती ओळ खोटी ठरते, आणि उद्या तो कोड प्रकल्पाला काढून टाकावा लागू शकतो.

म्हणून लेखी परवानगी घ्या. कायदेशीर विभागाला तीन गोष्टी कळवा: प्रकल्पाचं नाव आणि परवाना, ते काम कंपनीच्या धंद्याशी टक्कर घेत नाही हे, आणि वेळ व लॅपटॉप तुमचाच असेल हे. ‘ओपन सोर्समध्ये योगदान देऊ का’ असं मोघम विचारलंत, तर उत्तर बहुधा नाही असंच येतं. एका प्रकल्पापुरतं विचारलंत तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. व्यवस्थापकाच्या तोंडी ‘चालेल की’ला अर्थ नाही, तो बदलून जातो.

अर्ज आणि मुलाखत

रेझ्युमेत ‘ओपन सोर्सची आवड’ लिहू नका. कोणता विभाग, किती पॅच स्वीकारले गेले, किती तपासले, आणि त्यांतले तीन निवडक, दुव्यासह. दुवा गिटहबचा नको, लोर या मेलिंग लिस्टच्या संग्रहातल्या चर्चेचा द्या. कोड कसा सुधारत गेला, टीकेला तुम्ही काय उत्तर दिलंत, हे तिथे दिसतं. व्ही-फाइव्हपर्यंत गेलेला अवघड पॅच पहिल्या फटक्यात गेलेल्या सोप्यापेक्षा चांगला. सर्वांत जवळची वाट अजूनही हीच: तुमचे पॅच तपासणाऱ्या मेंटेनरला खासगी मेल करून, तुमच्याकडे जागा आहे का, असं सरळ विचारणं. यादीवर मात्र हे विचारू नका.

मोठ्या कंपन्यांत तरीही अल्गोरिदमच्या फेऱ्या चुकत नाहीत. हजार पॅच असले तरी फळ्यावर ग्राफ सोडवायला सांगतात. हास्यास्पद आहे, पण आहे. दोन महिने त्याची तयारी करा. ज्या फेरीत तुमच्याच पॅचवर बोलणं होतं, तिथे ‘हे दुसऱ्या कोणत्या पद्धतीने करता आलं असतं आणि ते का सोडलंत’ या प्रश्नाला उत्तर तयार हवं.

हातात पत्र आलं की पगाराइतकंच हेही विचारा: आठवड्यातला किती वेळ मूळ प्रकल्पावर? पॅच बाहेर जाण्याआधी आत कुणाची मंजुरी, आणि ती मिळायला किती दिवस? संघ बदलला तर मेंटेनरचं काम चालू ठेवता येईल का? परिषदांचा प्रवासखर्च कोण देतं? तोंडी उत्तरं मेलवर लिहून घ्या. कंपनीचं भारतात कार्यालय नसेल, तर बहुधा मध्यस्थ संस्थेमार्फत नोकरी देतात किंवा कंत्राटदार म्हणून घेतात. कंत्राटदाराला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आरोग्य विमा स्वतःचा, आणि परकी चलनातल्या उत्पन्नाचा जीएसटी व आयकराचा हिशेबही स्वतःचाच. सही करण्याआधी सीएकडे जा, नंतर नको.

या नोकऱ्या कायमच्या नसतात. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकरकपात केली, त्यात पायथनचा वेग वाढवणाऱ्या चमूतले लोकही गेले. त्याच वर्षी इंटेलच्या कपातीनंतर कर्नलमधले काही ड्रायव्हर बिनमेंटेनरचे झाले. म्हणून कमिटसाठी पहिल्यापासून स्वतःचा पत्ता वापरता येईल का ते कंपनीला विचारा. कर्नलमध्ये बरेच जण नावापुढे कंसात कंपनीचं नाव लिहितात आणि ईमेल स्वतःचा किंवा कर्नल-डॉट-ऑर्गचा ठेवतात. त्यामुळे तक्त्यात श्रेय कंपनीला जातं आणि नोकरी सुटली तरी पत्रव्यवहार तुटत नाही. कंपनीचाच पत्ता सक्तीचा असेल, तर शेवटच्या दिवसाआधी दोन पॅच पाठवा: एक मेंटेनर्स फाइलमधला पत्ता बदलणारा, दुसरा मेलमॅप फाइलमध्ये जुना पत्ता नव्याशी जोडणारा. दोन्ही जुन्या पत्त्यावरूनच पाठवा. तो बंद झाल्यावर, बदल मागणारा माणूस तोच आहे हे सिद्ध करण्यात वेळ जातो.